साडेअकरा वर्षांचा हिशेब

मला मोटारीतलं काही कळत नाही. पण मी बी.कॉम. आहे आणि पंचवीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या व्याजाचे आकडे जुळवतो आहे. त्यामुळे २०२४ च्या जानेवारीत क्रेटा नव्या रूपात आली आणि ती घ्यायचा ठराव आमच्या घरात दोन विरुद्ध एक मतांनी पास झाला, तेव्हा ‘इंजिन कुठलं?’ ही फाईल आपसूकच माझ्या टेबलावर आली.

इंजिनं तीन, तिन्ही दीड लिटरची. साधं पेट्रोल आणि डिझेल यांचे घोडे साधारण ११५. टर्बो पेट्रोलचे १६०. चिरंजीवांचं मत अर्थात टर्बोला.

“अरे, संध्याकाळी सहा वाजता कर्वे रस्त्यावर एकशेसाठ घोडे करणार काय? एकमेकांची तोंडं बघणार!” मी टर्बो निकालात काढलं.

मग कागद घेतला. हाताने गिअर टाकायच्या गाडीत पेट्रोलला लिटरमागे १७.४ किलोमीटर, डिझेलला २१.८. हे आकडे चाचणीतले. चाचणीत गाडी रोलरवर जागच्या जागी धावते. आमच्या रस्त्यावरही ती जागच्या जागीच असते, पण मायलेज काही तेवढं देत नाही. असो.

महिन्याला ६०० किलोमीटर धरले. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१. वर्षाला डिझेलमध्ये तेरा हजार वाचतात. पण डिझेल गाडीच दीड लाखाने महाग! म्हणजे वसुलीला साडेअकरा वर्षं. माझं वय साडेअठ्ठेचाळीस. ज्या दिवशी गाडी नफ्यात येणार, त्याच दिवशी मी निवृत्त होणार. पेट्रोल नक्की!

“अहो, या सहाशेत माझं कोकणातलं माहेर कुठे धरलंय?” सौ.ने विचारलं.

ते मी बुडीत खात्यात टाकलं होतं.

शोरूममधला पोरगा नेमका तेव्हाच म्हणाला, “काकू, डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला चाळणी असते. गाडी नुसती गावातल्या गावात फिरवली तर ती चोंदते. अधूनमधून हायवेवर पळवली की काजळी जळून जाते.”

सौ. माझ्याकडे वळली. “ऐकलंत? गाडीलासुद्धा अधूनमधून माहेरी जावं लागतं.”

वीस वर्षांत घरात किती काजळी साठली असेल, हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. महिन्याला एक कोकणवारी धरली. धावणं दुप्पट झालं, साडेअकराची पावणेसहा वर्षं झाली.

मी मुकाट्याने डिझेलच्या फॉर्मवर सही केली.