विंचुराहून तपोवनाकडे
नाशिक जिल्ह्यांतील विंचूर हें पेशवाईंतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याचें गांव. येथून निफाड, चांदोरी करीत पश्चिमेस जाणारी सडक नाशकाच्या तपोवनाजवळ पोंचते. लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक तेथेंच कापलें, अशी लोकश्रद्धा आहे.

निन्जा नामक हेर आणि दैत्य यांच्या चित्रकथा जपानांत पुष्कळ. परंतु युगो साको या जपानी गृहस्थांस आपल्या राक्षसांची कथा भावली. १९८३ सालीं ते एका उत्खननाचा माहितीपट करण्यास भारतांत आले होते. पुढें राम मोहन व कोइची सासाकी यांच्यासह त्यांनीं हातानें रेखाटलेल्या चित्रांतून 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा बोलपट सिद्ध केला. १९९३ मध्यें तो दिल्लीस दाखविला गेला. देशभरच्या चित्रगृहांत झळकण्यास मात्र २०२५ साल उजाडलें.

परक्यानें दहा वर्षें वेंचून जें घडविलें, तें आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेंहि नाहीं, याची आम्हांस खंत वाटते. तपोवनाच्या सहलीपूर्वीं घरच्या मुलांना तो अवश्य दाखवावा. मग कपिलासंगमावर तीं प्रश्न विचारतील. उत्तरें देण्याची तयारी वडील मंडळींनीं ठेवावी.