दोन चकत्या

सैन्याच्या रायफली दुरुस्त करणाऱ्या एका कार्यशाळेत मी तपासनीस होतो. ली-एनफिल्ड रायफलीसाठी माझ्या पेटीत पोलादाच्या दोन चकत्या असत; एक ०.०६४ इंच जाडीची, दुसरी ०.०७४ इंच. डोळ्यांना दोन्ही सारख्याच! वापराने पोलादही झिजते, म्हणून या चकत्यांचीही वेळोवेळी परीक्षा होई.

काडतूस आत लोटून नळीचे मागील तोंड बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट. काडतुसाच्या जागी पहिली चकती ठेवली की बोल्ट अलगद मिटावा. दुसरी ठेवली की तो अडलाच पाहिजे. अडला नाही, तर काडतुसामागे जागा अधिक राहिली. मग बार उडताना पितळी कवच फाटण्याचे आणि तप्त वायू मागे उसळण्याचे भय. तेथेच तर शिपायाचा गाल टेकलेला असतो!

एकदा एका वृद्ध मिस्त्रींनी नवा बोल्ट बसवून रायफल आणली. काम आरशासारखे लखलखीत. परंतु जाड चकतीवरही बोल्ट मिटला.

“साहेब, केसाएवढा तर फरक!” ते म्हणाले.

आमच्या पेटीत केस हे माप नव्हते. मी म्हणालो, “मिस्त्री, आपणच पाहा.”

त्यांनी चकती पुसून आत ठेवली, बोल्ट हलकेच पुढे सारला, खाली वळवला. तो मिटला. काही न बोलता त्यांनी रायफल उचलली आणि आपल्या मेजाकडे परत नेली.