शेजारचा शिकारी

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गास भूगोल शिकवितांना उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांचें वर्णन चाललें होतें. आमच्या लहानपणीं पुस्तकांत त्यांस एस्किमो म्हणत. बर्फांतील भोंकापाशीं सीलची वाट पाहत तासन् तास निश्चल उभा राहणारा तो शिकारी मुलांस फार आवडला. इतक्यांत एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, आपल्याकडे असे लोक नाहींत का?" मीं म्हटलें, "आहेत, फासेपारधी." वर्ग हंसला. मागून कोणी तरी म्हणालें, "ते तर चोर!" घंटा झाली व मीं कांहीं न बोलतां पुस्तक मिटलें. त्या मौनाची टोंचणी अजून जात नाहीं; म्हणून राहिलेला धडा येथें पुरा करितों.

पारध्यांनीं पिढ्यान् पिढ्या रानांत फांस लावून तित्तर, लावे, ससे व हरणें धरलीं. तित्तराची हुबेहूब साद घालणें, ठशावरून जनावर ओळखणें, ही विद्या इनुइटाच्या विद्येहून उणी नाहीं. गायपारधी तर शिकविलेल्या गाईच्या आडून हरणांच्या कळपाजवळ जात. मग एकाचें कौतुक व दुसऱ्याची निंदा कां?

१८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला; पुढें त्याची व्याप्ति वाढून पारधीहि त्यांत आले. मग हजेरी, पहारा व कुंपणांतील वसाहती. नम्रपणें सांगितलें पाहिजे कीं, हिंदुस्थानांत अशा कित्येक वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनीं चालविल्या. हेतु सुधारणेचा असेल. पण जन्मासच गुन्हा ठरविणाऱ्या कायद्यास त्यांचा हातभार लागला. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला, तरी शिक्का पुसला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली. तें वन्य प्राण्यांसाठीं आवश्यक होतें; परंतु पारध्याच्या हातचें साधन गेलें आणि दुसरें सहज मिळालें नाहीं.

तीच विद्या आज रक्षणासहि उपयोगी पडत आहे. अकोला-वाशीम भागांत फासेपारधी बांधव तणमोर पक्ष्याचीं गवताळ रानें राखण्यास पुढें आले आहेत.

मुलांनो, ध्रुवावरील मनुष्य दूर आहे, म्हणून त्याच्यावर प्रेम करणें सोपें आहे. 'माझा शेजारी कोण?' असें प्रभूस विचारणाऱ्यास वाटेवर पडलेल्या जखमी मनुष्याची गोष्ट ऐकावयास मिळाली. बोरीच्या बाजारांत पारध्याचें पोर दिसेल, तेव्हां तुम्हीं व तुमच्या पालकांनीं तो प्रश्न आठवावा. मीहि आठवीन.