रूलव्हिलच्या ओसरीवर

मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला निघण्याआधी ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावी आम्हा स्वयंसेवकांचं प्रशिक्षण झालं. साल १९६४. मारहाण झाली तर गुडघे पोटाशी घेऊन डोकं कसं झाकायचं, हेही शिकवलं. आम्ही तिथे असतानाच बातमी आली, की आमच्या पुढे गेलेले कार्यकर्ते जेम्स चेनी, अँड्रू गुडमन आणि मायकेल श्वर्नर बेपत्ता आहेत. ज्यांना परतायचंय त्यांनी खुशाल परतावं, असं मोहीम चालवणाऱ्या बॉब मोझेस यांनी सांगितलं. बहुतेक जण थांबले.

मला रूलव्हिल मिळालं. चहूकडे कापूस. दारोदार जायचं, ओसरीवर टेकायचं आणि मतदार म्हणून नाव नोंदवायला इंडियानोलाच्या कोर्टात चला म्हणायचं, एवढंच काम. पण त्या फॉर्मात २१ प्रश्न. राज्यघटनेच्या २८५ कलमांपैकी अधिकारी दाखवील ते उतरवायचं, वर त्याचा अर्थ लिहायचा. बरोबर की चूक, तोच ठरवणार. अर्जदाराचं नाव दोन आठवडे वर्तमानपत्रात छापून येई, म्हणजे ते मालकापर्यंत पोचणारच. रूलव्हिलच्याच शेतमजूर फॅनी लू हेमर १९६२ साली अर्ज करून आल्या आणि जिथे अठरा वर्षं राबल्या, त्या मळ्यावरून त्याच दिवशी त्यांना हाकललं गेलं.

म्हणून लोक गोड बोलत, 'येतो' म्हणत आणि येत नसत. त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. आम्ही उन्हाळा संपला की कॉलेजला परतणार होतो. त्यांना तिथेच दिवस काढायचे होते. त्या उन्हाळ्यात मिसिसिपीत सुमारे १७,००० जणांनी अर्ज केले, मंजूर झाले जेमतेम १,६००. नाकारलेल्या अर्जांचा हा ढीग नसता, तर १९६५चा मतदान हक्क कायदा इतक्या लवकर झाला नसता, असं माझं ठाम मत आहे.

चर्चमध्ये संध्याकाळी कोरे फॉर्म घेऊन सराव चाले. खुरपणी करून आलेल्या एक बाई तेच तेच कलम न कंटाळता उतरवत. एके दिवशी त्या स्वतःहून निघाल्या. कोर्टातल्या पोरगेल्या कारकुनाने त्यांना अगं-तुगं केलं. बाईंनी मान वर न करता पानभर लिहिलं. अर्ज नामंजूर झाला. नाव छापून आलं, आठवडाभरात खुरपणीचं काम गेलं. पुढच्या खेपेला त्या पुन्हा आल्या, तेव्हा शेजारच्या तिघी बरोबर होत्या. त्यांना गाडीत बसवायला मला एक शब्दही बोलावा लागला नाही.