झाडाला टांगलेलं आसन : काही टिपणे

मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरीण मारण्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण माणसाची हालचाल आणि वास लांबूनच ओळखतं, म्हणून शिकारी ओक-मेपलच्या झाडावर १५-२० फूट चढून बसतो. पूर्वी त्यासाठी धातूचं बैठं आसन खोडाला आवळत. आता बरेच जण सॅडल वापरतात. कमरेमागून मांड्यांपर्यंत कापडाचा रुंद पट्टा, त्याची दोन टोकं पुढून जोडणारी दोरी म्हणजे ब्रिज, आणि ब्रिजपासून खोडापर्यंतची दोरी म्हणजे टेदर. पायाखाली वीतभर फळी. झाडाकडे तोंड करून मागे रेलायचं.

ही रीत झाडं छाटणाऱ्यांची आणि विजेच्या खांबांवर चढणाऱ्या लाइनमनची. चढताना कमरेपासून खोडाभोवती टाकायच्या दोरीला शिकारीही लाइनमन्स बेल्टच म्हणतात. मिशिगनचेच जॉन एबरहार्ट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सॅडलमध्ये बसत आले आणि त्यांच्या लिखाणातून ती पुष्कळांना कळली.

*

मिशिगनच्या सार्वजनिक रानात सालीत घुसेल असा खिळा किंवा स्क्रू मारायला मनाई आहे. त्यामुळे चढायच्या पायऱ्याही पट्ट्यांनी आवळायच्या आणि उतरताना सोबत आणायच्या. हा नियम मला मनापासून आवडतो. झाडाला भोक न पाडता त्याच्या अंगावर बसता येतं, हीच सॅडलची खरी शोभा आहे.

*

विकतचं सॅडल काहीशे डॉलरला पडतं. पण घरी करण्याचं कारण नुसतं पैसे वाचवणं नाही. कंबर, मांडी, बसण्याची ढब प्रत्येकाची वेगळी. तयार पट्टा दोन तासांत नितंबांच्या हाडांवर बाजूने चिमटा काढायला लागतो. घरचा पट्टा चार बोटं जास्त रुंद करता येतो, ब्रिजचं टोक थोडं मागे-पुढे घेता येतं.

*

कापड कोणतं? घरी करणाऱ्यांत फ्लीस लोकप्रिय आहे, आणि त्याला कारण आवाज. फ्लीस ही पॉलिएस्टरची विणलेली लोकर. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या माल्डन मिल्सने ती बाजारात आणली. ती कुजबुजतसुद्धा नाही. रिपस्टॉप नायलॉन हलकं आणि चिवट, पण थंडीत प्रत्येक हालचालीला सळसळतं. व्हेल्क्रो तर नकोच. सुती कापड ओल धरतं, आणि नोव्हेंबरच्या पहाटे ते कडक होऊन बसतं.

फ्लीसचा दोष म्हणजे ताण. ते स्वेटरसारखं विणलेलं असल्यामुळे पन्ह्याच्या दिशेला जास्त ताणतं, लांबीच्या दिशेला कमी. म्हणून पट्टा लांबीतून कापायचा आणि दोन-तीन घड्या घालून वापरायचा. नायलॉन घेतलं तर उरेब कापायचं नाही. वजन उभ्या धाग्यावरच आलं पाहिजे. रंग हिरवा, तपकिरी, अगदी नारिंगीसुद्धा चालेल, निळा नको. हरणाच्या डोळ्याला लाल-नारिंगी नीट कळत नाही, निळा मात्र स्पष्ट दिसतो.

*

आता मुख्य गोष्ट, शिलाई.

घरच्या यंत्रावर कॉटनच्या दोऱ्याने मारलेल्या टिपेवर माणसाचा जीव टांगायचा नाही. कारखान्यातल्या पट्ट्यांवर जाड बाँडेड नायलॉनचा दोरा असतो, जोडावर पुन्हा पुन्हा मारलेले दाट टाके असतात, आणि नमुने तुटेपर्यंत ओढून पाहिलेले असतात. आपल्याकडे यातलं काही नाही. मग वजन टाक्यावर येऊच न देणारी रचना करायची.

दोरी जोडण्याचे दोन मार्ग. पहिला नेफ्याचा: टोकाला नेफा शिवून त्यातून दोरी ओवायची. इथे नेफ्याची शिलाई वजन पेलतेच, म्हणून हा मार्ग मला पसंत नाही. दुसरा गाठीचा: कापडाचा शेव चुण्या घालून गोळा करायचा, दुमडायचा, दुमडीतून दोरी आत घ्यायची, शेवाला मागून वेढायची आणि स्वतःच्याच खाली दाबायची. ही शीट बेंड. बाळाच्या झोळीत लुगड्याला कुठे टाका असतो? तसंच इथे, जितकं वजन, तितकी गाठ घट्ट. वजन उतरलं की मात्र ही गाठ सैल पडते. म्हणून वेढे दोन घ्यायचे, शेपूट लांब ठेवायचं आणि दर वेळी बसण्याआधी हाताने चाचपायचं.

*

ब्रिजला लोक डायनीमा या कृत्रिम धाग्याची दोरी वापरतात. पाव इंच जाडीची चांगली दोरी साडेतीन टनांच्या आसपास तुटते. पण ती गुळगुळीत आहे, साध्या गाठी तिच्यात सरकतात. दोरी दोरीच्याच पोटात जाडीच्या सुमारे ७० पट लांब पुरून जोड करावा लागतो. शिवाय ती १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, घर्षणाची उष्णता तिला सोसत नाही.

ब्रिज फार आखूड नको. त्याच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंश असेल तर ८० किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूवर ४६ किलो ताण येतो. कोन १२० झाला की तोच ताण ८० किलो होतो, आणि नितंबांचा चिमटाही वाढतो.

*

टेदरवर प्रुसिक गाठ असते. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ मध्ये मांडली: भार नसताना सरकते, भार येताच आवळते. तिच्यामुळे टेदर सतत ताणलेला ठेवता येतो, आणि ठेवलाच पाहिजे. माणूस ६० सेंटिमीटर मोकळा पडून १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी झटका वजनाच्या ७ पट. ८० किलोचे ५६० किलो. फ्लीसच्या पट्ट्याने बसलेल्या माणसाला पेललं, म्हणून तो पडलेल्या माणसालाही पेलेल असं समजू नये.

म्हणून माझं ठाम मत: घरचा पट्टा बसण्यासाठी. त्याच्याखाली गिर्यारोहणाचा प्रमाणित हार्नेस घालायचा आणि तोही त्याच टेदरला वेगळ्या कॅराबिनरने, म्हणजे झडपेच्या धातूच्या कडीने, जोडायचा. झाडावरून पडणं हे अमेरिकेतल्या हरणशिकारीतल्या दुखापतींचं मोठं कारण आहे, आणि माणसं बरेचदा चढता-उतरताना पडतात. पाय जमिनीवरून उचलण्याआधीच लाइनमन्स बेल्ट खोडाभोवती हवा.

*

नवा पट्टा आधी जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगायचा. आपल्या दुप्पट वजनाची वाळूची पोती त्यात रात्रभर ठेवायची. गाठीशी खडूने खूण करायची. सकाळी खूण किती सरकली ते पाहायचं. मग स्वतः बसून तासभर तिथेच वाचत राहायचं. मांडीला मुंग्या आल्या तर रुंदी चुकली.

*

भारतात शिकारीचा प्रश्न नाही, वन्यजीव कायद्याने तो जवळपास मिटला. पण बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्याशेजारी मचाणावर बसणारे कितीतरी लोक आहेत. जिथे मचाण बांधता येत नाही, तिथे वनखात्याच्या परवानगीने पक्ष्यांच्या घरट्यांची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकाला असं आसन फार उपयोगी पडेल असं मला वाटतं.

*

पट्टा हंगामभर झाडावर सोडू नये. उन्हाने नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही कमकुवत होतात, खारी पट्टे कुरतडतात. सुगंध नसलेल्या साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा. धाग्यांत विरळपणा दिसला की रद्द करायचा, आणि कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने मधोमध कापायचा, म्हणजे दुसरं कोणी उचलून त्यात बसणार नाही.