विश्रामबागेतले पोस्ट

घरी पाहुणा आला की त्याला विश्रामबागवाडा दाखवून आणायचे काम माझ्याकडे असते. बाजीराव रस्त्यावर उभा राहून मी सज्जाकडे बोट करतो, ते कोरीव सुरूचे खांब दाखवतो आणि मग सुरू होतो. दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा १८०७ च्या सुमारास बांधला. दोन लाख रुपये लागले म्हणतात. पेशवाई गेली, वाडा राहिला. १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला, याचाही काही भाग जळाला. तो पुन्हा उभारताना लोकांनी वर्गणी दिली. पुढे शाळा आली, नगरपालिका आली. पेशव्यांच्या महालात कारकुनांची टेबले, म्हणून पाहुणे नाक मुरडतात. मला मात्र वाटते, त्या कारकुनांनीच वाडा जगवला. जिथे रोज माणसे येतात-जातात, तिथले छप्पर गळू लागले की कोणीतरी ओरडतेच.

तळमजल्यावर पोस्ट होते, हेही मी सांगतो. तिथून मी काय पाठवले, ते सांगत नाही.

शनिपाराजवळ आमचाही वाडा होता. वाडा म्हणजे काय, एक चौक, एक आड आणि सहा बिऱ्हाडे. सगळ्यांचे मिळून जे भाडे येई त्यात पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेणेही होईना. भिंतीला पोट आले, जिन्याला टेकू लागला. १९९४ साली जागा विकायची ठरली. सह्या हव्या होत्या आणि अक्का नाशकाला. संमतीचा कागद मी विश्रामबागेतल्या पोस्टातून तिला रजिस्टरने पाठवला. डोक्यावर पेशव्यांच्या तुळया आणि हातात आपल्या तुळया उतरवण्याचा कागद! पण रांगेत उभा असताना हे काही मनात आले नाही. पावती घडी घालून खिशात ठेवली, एवढे आठवते.

आठ दिवसांत सही आली. सोबत चिठ्ठी : 'माजघरातला घुसळखांब तेवढा माझ्यासाठी ठेव.' आजीने आणि आईने त्याच खांबाशी ताक केले होते. दोरीने घासून त्याला बोटभर खाच पडली होती. लहानपणी अक्का त्या खाचेत चिंचोके लपवी.

मी ठेवणारच होतो. पण त्या आठवड्यात कचेरीत रजा मिळाली नाही. गेलो तेव्हा चौकात मातीचा ढीग होता. जुन्या लाकडाचा व्यापारी सकाळीच गाडी भरून गेला होता. त्याच दुपारी त्याची वखार शोधून काढता आली असती का? आली असती. मी घरी गेलो आणि अक्काला लिहिले, खांब वाळवीने पोखरला होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी भाऊबीजेला आलेली अक्का दोन दिवस राहिली. "विश्रामबागेची डागडुजी झाली म्हणतात, दाखव रे," म्हणाली. तिला घेऊन गेलो. पाहुण्यांना सांगतो ते सगळे सांगितले. ती आतल्या चौकात एका खांबाशी थांबली, त्यावरून सावकाश तळवा फिरवला.

"सागच ना हा?"

"हो."

"आपलाही सागच होता." थोडा वेळ थांबून म्हणाली, "दोनशे वर्षांत याला वाळवी लागली नाही, नाही का रे?"

मी रिक्षा बघायला बाहेर आलो.