आठ की सोळा?

रात्री पुन्हा तोच हिशेब. नव्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम घ्यावी की १६? विंडोज ११ला कागदोपत्री ४ जीबी पुरते, पण क्रोमचे ढीगभर टॅब, एक्सेल आणि झूम एकत्र चालले की जुन्या मशीनच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांवर जाते, मग एसएसडीचा आधार घेत सगळंच रेंगाळतं. खरी मेख पुढे आहे. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. नंतर वाढवता येत नाही. स्टोरेजचं तसं नाही, बाहेरून डिस्क जोडता येते. अ‍ॅपलनेही २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात १६वर नेली. ३२ माझ्या भाषांतराच्या कामाला चैनच. १६ घेतेय. तुम्हीही घेणार असाल तर दुकानात आधी विचारा, रॅमचा स्लॉट आहे का?